‘ओळखा’ जमतं, ‘वर्णन करा’ला गाडी अडते: मुलांना त्रिमितीय आकार कसे शिकवता?

मंजिरी_मुलुंड

नमस्कार मंडळी. लेक तिसरीत आहे. सध्या गणितात त्रिमितीय आकार चालू आहेत. शाळेतून सरावाचे कागद येतात, त्यात दोन तऱ्हेचे प्रश्न असतात. पहिला, चित्र बघून आकार ओळखा. त्यात ती पटाईत आहे. आईस्क्रीमचा कोन दिसला की शंकू, फासा दिसला की घन, पावडरचा डबा दिसला की वृत्तचिती, चेंडू दिसला की गोल. दुसरा प्रश्न ‘वर्णन करा’. तिथे पेन्सिल तोंडात जाते. फार तर ‘तो चौकोनी आहे’ एवढं लिहून मोकळी.

परवा घनाचं चित्र पुढ्यात ठेवून विचारलं, पृष्ठं किती? म्हणाली तीन. कोपरे? सात. कडा? नऊ. मी म्हटलं, अगं सहा, आठ, बारा. तर पठ्ठीने चित्रावर बोट ठेवून एकेक मोजून दाखवलं. आणि खरंच की, तुटक रेषा नसलेल्या चित्रात तीन, सात आणि नऊच दिसतात! मागची बाजू कल्पनेने बघ म्हटलं तर म्हणे, ‘मागे काय आहे ते चित्र काढणाऱ्याला विचार.’

नवऱ्याचं म्हणणं, तक्ता पाठ करून घे, सोपं आहे. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. इथे शिक्षक मंडळी बरीच आहेत. घरात, दोन खोल्यांत, रोजच्या धावपळीत काय करता येईल?

लोकल_नऊ_बारा

अब्दुल रेहमान स्ट्रीटला चक्कर मारा. स्टेशनरीच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या आकारांचे डबे मिळतात. बाकी ‘चित्र काढणाऱ्याला विचार’ जबरी! पोरगी वकील होणार.

पाटीपेन्सिल

मंजिरी, लेकीने मोजलेलं बरोबरच आहे. तुम्ही विचारलं वस्तूबद्दल आणि पुढ्यात ठेवलं चित्र. तिने चित्र मोजलं. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या मराठी शाळेत गेली आणि हेच तीन-सात-नऊ मी दर वर्षी ऐकलं. चित्र हे सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. आपल्याकडे पुस्तक चित्राने सुरू होतं म्हणून शिकवणंही तिथूनच सुरू होतं.

डबा आणलात तर उत्तम, नाही आणलात तरी अडणार नाही. देवघरातली काडेपेटी घ्या. (काड्या आधी काढून ठेवा!) तिचे दोन भाग वेगळे करा. बाहेरच्या कव्हराला बाजू किती? चार, दोन्ही तोंडं उघडी. आतल्या खणाला? तळ एक आणि भिंती चार, म्हणजे पाच. आता खण आत सारा आणि बंद पेटीची पृष्ठं मोजायला सांगा. सहा! चार आणि पाच नऊ होतात, मग तीन गेली कुठे? हा प्रश्न टाकून तुम्ही कुकर लावायला जा. मूल पेटी उघडतं, मिटतं, परत उघडतं आणि आपणच शोधून काढतं, की खणाचा तळ आणि दोन लांब भिंती कव्हराच्या आड गेल्या. लपलेलं पृष्ठ असतं, हे तिला एकदा हाताने कळलं की चित्रातल्या मागच्या बाजूबद्दल भांडण उरत नाही.

दुसरं, मोजण्याच्याही आधी वस्तूंना कामाला लावा. पाट एका बाजूने उचलून उतरण करा आणि सेल, फासा, चेंडू, काडेपेटी, शंकूची टोपी एकेक सोडून बघा. कोण घरंगळतं, कोण नुसतं सरकतं? कोणावर कोण रचता येतं? सेल आडवा ठेवला की घरंगळतो, उभा ठेवला की सरकतो. आणि वाढदिवसाची टोपी सपाट जमिनीवर आडवी ढकलली की सरळ जातच नाही, स्वतःच्या टोकाभोवती गोल फिरून जागेवर येते. मुलं यावर खूश असतात. हे सगळं वर्णनच आहे, फक्त अजून वहीत उतरलेलं नाही.

तिसरा माझा हुकमी खेळ पिशवीचा. वाणसामानाची कापडी पिशवी, आत चार-पाच वस्तू. एकाने हात घालून एक वस्तू चाचपायची आणि बाकीच्यांना सांगायची. नियम दोन. आकाराचं नाव घ्यायचं नाही, आणि ‘अमक्यासारखं’ म्हणायचं नाही. ‘डब्यासारखं’ म्हटलं की बाद. आता बोला म्हणावं! मग शब्द आपोआप येतात: ‘एक बाजू सपाट आहे, बाकी वळलेलं आहे, वर बोटाला टोचतंय.’

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नव्हे. माँटेसरी पद्धतीत निळ्या रंगाच्या लाकडी घनाकृती असतात, त्या मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून हाताने ओळखतात. ज्यांना तो संच परवडणारा नव्हता त्यांच्यासाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, खडे, पानं अशी भोवतालचीच साधनं वापरली. तेव्हा दोन खोल्यांची काळजी करू नका.

अन्वय_ठाणे

सगळं छान आहे, पण हे करायला वेळ कोणाकडे आहे? आई-बाबा दोघं आठच्या लोकलला लटकतात. पुढे शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तिथे एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर मिळतं. घन ६-८-१२, इष्टिकाचिती (म्हणजे वीट) ६-८-१२, त्रिकोणी चिती (तंबू) ५-६-९, चौरस सूची (पिरॅमिड) ५-५-८, त्रिकोणी सूची ४-४-६. पृष्ठं, शिरोबिंदू (म्हणजे कोपरे), कडा या क्रमाने. पाच ओळी फ्रिजवर चिकटवा, आठवड्यात पाठ. आम्ही असंच शिकलो आणि काही बिघडलं नाही.

पाटीपेन्सिल

अन्वय, तुमचा तक्ता अचूक आहे आणि मी तोच वापरून तुमच्याशी वाद घालणार आहे.

घनाची ओळ ६-८-१२. इष्टिकाचितीची ओळ ६-८-१२. मग फासा आणि वीट यांत फरक काय, तो तक्त्यात कुठे आहे? गॅलरीतली चौकोनी कुंडी घ्या, वर रुंद आणि खाली अरुंद. ती वरून झाकली असं धरलं तर तिचेही ६-८-१२. म्हणजे तीन वेगळ्या वस्तू आणि आकडे तेच. दुसरीकडे त्रिकोणी चितीला पृष्ठं पाच, चौरस सूचीलाही पाच. पिशवीच्या खेळात मी हे दोन मुद्दाम एकत्र टाकत असे. हात घातलेलं मूल ऐटीत सांगतं ‘पाच पृष्ठं’, आणि समोरचे दोन गट दोन उत्तरं देतात. मग त्याला पुढे बोलावंच लागतं. पाचांपैकी त्रिकोण किती? एकाला दोन त्रिकोण आणि तीन आयत, दुसऱ्याला चार त्रिकोण आणि एक चौरस. सगळे त्रिकोण एकाच टोकाला जाऊन मिळतात की समोरासमोर उभे आहेत? इथे खरं वर्णन सुरू झालं. आकडा हा त्याचा एक तुकडा आहे.

पियरे व्हॅन हीले आणि डीना व्हॅन हीले-गेल्डॉफ हे डच शिक्षक जोडपं. त्यांनी १९५७ मध्ये भूमिती शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार पूर्ण डोळ्यांत भरून ओळखतं, ‘दारासारखा दिसतो म्हणून आयत’. दुसऱ्या पायरीवर त्याचे गुणधर्म दिसू लागतात. त्यांचं म्हणणं असं की वरची पायरी नुसत्या वयाने येत नाही, तसे अनुभव द्यावे लागतात. मंजिरीची लेक पहिल्या पायरीवर पक्की आहे. शाळेचा कागद ‘वर्णन करा’ म्हणतो तेव्हा तो तिला दुसऱ्या पायरीवर ये म्हणतोय, आणि मधला जिना कोणी बांधलेला नाही. पाठांतराने तो बांधून होत नाही. शिष्यवृत्तीतले फाशाचे प्रश्न आठवा. उलगडलेल्या फाशात कोणत्या आकड्यासमोर कोणता येईल, हे ६-८-१२ कसं सांगणार?

खुसपटराव

एक खुसपट. वृत्तचितीला कडा किती? माझ्या भाचीने दोन लिहिल्या, बाईंनी चूक दिली, उत्तर शून्य म्हणे. पुतण्याच्या शाळेत नेमकं उलटं, शून्य चूक आणि दोन बरोबर. शंकूच्या टोकाला शिरोबिंदू म्हणायचं की नाही यावरही घरात एकदा अबोला झालाय. तज्ज्ञांनी निकाल द्यावा. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सिव्हिल_सदा

खुसपटराव, दोन्ही बाजू आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत. कड म्हणजे दोन सपाट पृष्ठं मिळतात ती सरळ रेषा, असं धरलं तर वृत्तचितीला एकही कड नाही. कड म्हणजे दोन पृष्ठं जिथे मिळतात ती रेषा, मग सरळ असो वा वक्र, असं धरलं तर दोन. शंकूच्या टोकाचंही तेच. तिथे कडा येऊन मिळत नाहीत म्हणून काही जण त्याला शिरोबिंदू म्हणत नाहीत, नुसतं टोक म्हणतात. बहुतेक पुस्तकं एक शिरोबिंदू धरतात. परीक्षेपुरतं शाळेचं पुस्तक प्रमाण माना. पण पोराने ‘दोन सपाट वर्तुळं, मध्ये एक वक्र पृष्ठ, जिथे ते मिळतात तिथे दोन गोल कडा, कोपरा एकही नाही’ असं लिहिलं असेल आणि तरी चूक दिली असेल, तर मी शाळेत जाऊन भांडेन.

याची एक गंमत मोठ्या मुलांसाठी. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७५० मध्ये गोल्डबाख या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून एक गोष्ट कळवली: सपाट पृष्ठांच्या साध्या घनाकृतीत शिरोबिंदूंतून कडा वजा करा, पृष्ठं मिळवा, उत्तर नेहमी दोन. अन्वयचा तक्ता तपासून बघा, प्रत्येक ओळ बसते. आता वृत्तचिती: ०, वजा २, अधिक ३, उत्तर एक. फसलं! कारण तिचं वक्र पृष्ठ म्हणजे गोल फिरून स्वतःलाच मिळालेला पट्टा आहे, आणि सूत्राला असा पट्टा चालत नाही. डब्यावरचं कागदी लेबल उभं कापा. त्या कापाने एक नवी कड आली, आणि तिच्या वर-खाली दोन नवे बिंदू आले. आता २, वजा ३, अधिक ३, म्हणजे दोन. लेबल उलगडून टेबलावर पसरा, आयत झाला. त्याची एक बाजू डब्याची उंची आणि दुसरी डब्याचा घेर. आठवीतलं पृष्ठफळाचं सूत्र तिथेच पडलेलं असतं.

आमच्या लालबागच्या चाळीत दिवाळीला कामट्यांचा कंदील बनवतो, सगळ्या कामट्या एका मापाच्या. मधल्या पट्ट्यात आठ चौकोन, त्यांच्या वर चार तिरके आणि खाली चार तिरके, फटींत वर-खाली मिळून आठ त्रिकोण, आणि माथ्यावर व तळाला एकेक चौकोन. मुलांना पृष्ठं मोजायला लावली की एकमेकांना ‘हा मोजला होतास’ म्हणत अर्धा तास जातो. शेवटी खुणेसाठी खळीचा ठिपका लावत मोजतात. १८ चौकोन आणि ८ त्रिकोण, एकूण २६. कोपरे २४, कामट्या ४८. २४ वजा ४८ अधिक २६. करा हिशोब! कागद मात्र २४ च लागतात, कारण माथा टांगायला आणि तळ दिव्यासाठी उघडा ठेवतो. ‘मग पृष्ठं २४ की २६?’ या प्रश्नावर चाळीतल्या मोठ्या माणसांतही दोन तट आहेत.

आणि मुंबईत राहून मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडना विसरू नका. १९५० मध्ये फ्रान्समध्ये शोध लागलेला हा काँक्रीटचा चार पायांचा ठोकळा. पायांची चार टोकं मनातल्या मनात सरळ रेषांनी जोडली की त्रिकोणी सूची मिळते. तो कसाही पडला तरी तीन पाय खाली, एक वर. एकमेकांत अडकून बसतात आणि मधल्या पोकळ्यांतून पाणी फुटून लाटेचा जोर मोडतो. कठड्यावर बसून पोरांना एवढंच विचारा, ‘यातला उलटा पडलेला कोणता?’ (खाली उतरू मात्र देऊ नका, निसरडं असतं.)

शेवगाकाकू

मी गणितातली नाही, स्वयंपाकघरातली. पण माझ्या नातवाला आकार विळीवर कळले.

गाजर सरळ कापलं की चकती गोल. तेच तिरकं धरून कापलं की लांबट. नातू म्हणाला, आजी, गाजर बदललं का? मी म्हटलं, गाजर तेच, सुरी फिरली. मग पनीरच्या मोठ्या चौकोनी तुकड्यावर आमचे प्रयोग झाले. कोपरा उडवला की त्रिकोण निघतो. मधोमध उभं कापलं की चौकोन. माझ्या सुनेने, ती आर्किटेक्ट आहे, एक काप असा दिला की आत सहा बाजूंचा आकार निघाला, सगळ्या बाजू सारख्या! एका कोपऱ्यातून समोरच्या लांबच्या कोपऱ्यात काडी खुपसली आहे असं समजायचं आणि त्या काडीला आडवा, बरोबर मध्यावर काप द्यायचा. तुकडा मात्र सगळ्या बाजूंनी सारखा हवा. नंतर त्या पनीरची भुर्जी झाली हे सांगायला नको.

दुसरं म्हणजे, भिजवलेले हरभरे आणि टूथपिक. हरभरा म्हणजे कोपरा, काडी म्हणजे कड. नातवाला सांगितलं, घन कर, पण आधी मला सांग किती हरभरे देऊ आणि किती काड्या. वाटीत मोजून तेवढेच देते. कमी मागितले तर घन अपुरा राहतो आणि परत यावं लागतं. आठ आणि बारा त्याला आता कोणी विसरायला लावून दाखवावं!

पाटीपेन्सिल

काकू, कमाल आहे तुमची! बालवाडीची कल्पना १८३७ मध्ये जर्मनीत प्रत्यक्षात आणणारे फ्रेडरिक फ्रोबेल, त्यांच्या साधनांत भिजवलेले वाटाणे आणि काड्या होत्याच. त्यांचं आणखी एक साधन म्हणजे लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. ते दोऱ्याला टांगून गरगर फिरवायचे. घन फिरला की त्याच्या जागी वृत्तचिती दिसू लागते. घरी खोडरबरात टाचणी आणि दोरा अडकवून करून बघा. पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण काडीला चिकटवून तळव्यांत फिरवला की शंकू, आणि टेबलावर रुपयाचं नाणं फिरवलं की गोल.

अन्वय_ठाणे

नाणं आत्ताच फिरवून बघितलं. बरं, कुंडीचा मुद्दा मान्य, तक्ता तिथे तोकडा पडतो. पण तक्ता फ्रिजवर राहणार. एक शंका आहे. मुलाकडे ‘द्विमितीय आकार’ म्हणून प्लॅस्टिकचे त्रिकोण, चौकोन, वर्तुळं आहेत. त्याने वर्तुळ उभं करून घरंगळवलं आणि विचारलं, ही वृत्तचिती ना? काय सांगायचं?

पाटीपेन्सिल

शाबास सांगायचं. हातात धरता येतं ते सगळं त्रिमितीयच. ते प्लॅस्टिकचं वर्तुळ म्हणजे बुटकी वृत्तचिती आणि तो त्रिकोण म्हणजे बुटकी त्रिकोणी चिती. द्विमितीय आकार हवा असेल तर त्या तुकड्याभोवती पेन्सिल फिरवा. कागदावर उरतो तो.

कॅरम आहे का घरी? एक सोंगटी, बुटकी वृत्तचिती. तिच्यावर दुसरी, तिसरी, एकोणीसच्या एकोणीस रचा. उंच वृत्तचिती. चितीची सगळी ओळख यात आली: वरपासून खालपर्यंत कुठेही आडवं कापा, चकती तीच. आता लहान मुलांचा रंगीत कड्यांचा मनोरा बघा, चकती वर जाता जाता लहान होते. पार टोकापर्यंत गेली की शंकू. तळ चौकोनी असेल तर सूची. ‘चकती तीच राहते की आटत जाते?’ हा एकच प्रश्न चिती आणि सूची वेगळ्या करतो. मग त्रिकोणी चिती तंबूसारखी आडवी ठेवली आणि विचारलं, हिचा पाया कोणता, तर मूल जमिनीला टेकलेला आयत दाखवत नाही. कोणत्या बाजूने चकत्या सारख्या निघतील ते बघतं आणि त्रिकोणावर बोट ठेवतं. बऱ्याच मोठ्यांचंही इथे चुकतं.

रेषा_अण्णा

चित्रकलेचा निवृत्त मास्तर, गिरगाव. धागा वाचत होतो, आता राहवत नाही. चित्राला एवढं दूर ठेवू नका हो! पाटीपेन्सिल म्हणतात ते खरं, चित्र शेवटी यावं. पण येऊ तर द्या, आणि मुलांच्या हातून येऊ द्या.

पहिलं काम, तीन बाजूंनी बघणं. स्टीलचा पेला जमिनीवर ठेवा. एक डोळा मिटून बरोबर वरून बघायचं आणि दिसेल तेवढंच काढायचं: वर्तुळात वर्तुळ. मग जमिनीवर आडवं पडून समोरून बघायचं: वर रुंद, खाली अरुंद असा चौकोन. मुलांना आडवं पडायला मिळतं म्हणून ती हे आनंदाने करतात. एकाच वस्तूची दोन चित्रं इतकी वेगळी, आणि दोन्ही खरी. इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेला घनभूमितीत जे करावं लागतं त्याची ही बालवाडी आहे.

दुसरं, घन काढणं. शाळेत शिकवतात तसे दोन चौकोन तिरके काढून कोपरे जोडणं ठीक आहे. मी रांगोळीच्या ठिपक्यांवर शिकवायचो. मध्ये तीन ठिपके, त्यांच्या फटींवर वर दोन, खाली दोन. सात ठिपके झाले. बाहेरचे सहा जोडा, षटकोन होईल. आता मधल्या ठिपक्यापासून एक सोडून एक अशा तीन ठिपक्यांपर्यंत रेघ ओढा आणि कागद पाव फेरी फिरवा. घन उभा! उलट्या बाजूला फिरवलात तर तेच चित्र खोलीच्या जमिनीचा कोपरा होऊन आत जातं. मुलं कागद फिरवत राहतात, घन बाहेर, घन आत.

आता मंजिरीताई, तुमच्या लेकीचा हिशोब. या चित्रात तीन पृष्ठं, नऊ रेघा आणि सातच ठिपके. बरोबर ती म्हणाली तसेच. तिला विचारा, आठवा कोपरा कुठे दडलाय? काकूंचा हरभऱ्यांचा घन हातात घेऊन एक डोळा मिटायचा आणि असा फिरवायचा की समोरचा एक हरभरा बरोबर मध्यावर येईल. मागचा आठवा नेमका त्याच्याच पाठीमागे जाऊन लपतो. मधल्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली की तिथे दोन कोपरे एकावर एक आहेत. तिथून उरलेल्या तीन ठिपक्यांपर्यंत तुटक रेषा काढा, नऊ आणि तीन बारा. चित्र काढणाऱ्याला विचार म्हणाली होती ना? आता काढणारी तीच.

खुसपटराव

अण्णा, दंडवत. पॉपकॉर्न बाजूला ठेवून ठिपके काढतोय. बायको विचारते, रांगोळीची ऑर्डर घेतलीस का.

मंजिरी_मुलुंड

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काडेपेटीने सुरुवात केली, मग पिशवी. पिशवीचं घरात व्यसन लागलंय. सासूबाई सगळ्यात तयार निघाल्या, त्यांनी लसणाची पाकळी आत टाकून सगळ्यांची दांडी गुल केली. नवरा ‘अमक्यासारखं’ म्हणून सारखा बाद होतो.

काल शाळेच्या कागदावर पेन्सिल शार्पनरचं चित्र होतं, तिरक्या बाजूंचं. त्याखाली लेकीने लिहिलंय ते जसंच्या तसं देते: ‘याला सहा पृष्ठे आहेत. सगळी सपाट आहेत. चार चौकोनी आहेत पण दोन बाजूची पृष्ठे वरती बारीक होतात. आत एक भोक आहे ते शंकू आहे पण तो हवेचा आहे.’ हवेचा शंकू वाचून मी बघतच राहिले. बाईंनी बरोबरची खूण केली आहे, शेजारी प्रश्नचिन्हही आहे.

हरभऱ्यांच्या घनाची मात्र तक्रार आहे. उभा केला की एका बाजूला कलंडतो, आणि सकाळपर्यंत हरभरे सुकून काड्या निसटतात. त्रिकोणी सूची केली ती मात्र टणक उभी आहे. असं का?

सिव्हिल_सदा

काड्यांचा दोष नाही. चौकोनाला चारही बाजू कायम ठेवून दाबता येतं, त्याचा पतंग होतो. त्रिकोणाच्या तीन लांबी ठरल्या की आकार ठरला, हलणार कुठून? सूचीत सगळे त्रिकोणच आहेत. घनाच्या सहाही चौकोनांत एकेक तिरकी काडी घाला, म्हणजे १२ आणि ६ मिळून १८. मग हलणार नाही. तिरकी काडी लांब लागेल, टूथपिक पुरणार नाही, झाडूची हिर चालेल. रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलांवरचे त्रिकोण याचसाठी असतात. पुढच्या वेळी लोकल खाडीवरून जाताना दाखवा.

पाटीपेन्सिल

आणि हरभऱ्याऐवजी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे ती बारीक रबरी नळी, वापरा. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून असे आकार करायला देशभरातल्या मुलांना शिकवलं. काड्यांची गुलाची टोकं आधी खरवडून टाकायची. सांधे सुटत नाहीत आणि घन दाबून चपटा करून वहीतही ठेवता येतो. लेकीला विचारा, चपटा झाल्यावर कडा किती राहिल्या?

लोकल_नऊ_बारा

व्हॉल्व्ह ट्यूब हल्ली मिळते का? आमच्याकडे सायकलच्या दुकानात विचारलं तर पोरगा तोंडाकडे बघत बसला.

शेवगाकाकू

झकपक शोरूममध्ये नाही मिळायची. दूधवाल्यांच्या सायकली दुरुस्त करणारा एखादा म्हातारा हुडकून काढा. मीटरवर देतो. आमच्या भांडुपला स्टेशनच्या पश्चिमेला एक बसतो, दुपारी एकनंतर जेवायला जातो, त्याआधी गाठा.